छतावर सोलर असूनही लाईट गेली की अंधार? मग बॅकअप असा जोडा

गेल्या दोनेक वर्षांत सांगली-मिरजेत म्हणा नाहीतर कराड-साताऱ्याला म्हणा, पीएम सूर्यघर या सरकारी योजनेतनं गल्लोगल्ली सोलर बसलं, आणि बसवणाऱ्याला पहिला झटका बसतो तो वळवाच्या पावसात. वारं सुटतं, कुठंतरी झाड तारेवर पडतं, लाईट जाते आणि वर एवढी पॅनेल असून घरातला पंखा बंद. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलेलं असतं, लाईट अजून आलेली नसते आणि सोलर तरीपण बंदच. मग विक्रेत्याला फोन जातो, "अहो सोलर बिघडलंय". बिघडलेलं नसतं, ते असंच असतं, फक्त विकताना हे कुणी ठासून सांगत नाही आणि सांगितलं तरी ७८ हजार सबसिडीच्या नादात आपण ऐकत नाही.

कारण आधी समजून घ्या, कारण ते समजलं नाही तर पुढं वायरिंग करताना कुणीतरी मरेल, हे उगाच घाबरवायला म्हणत नाही. आपल्याकडं सबसिडीत जे बसतं ते ऑन-ग्रिड सोलर. त्याचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणारा डबा, स्वतःच्या जोरावर व्होल्टेज तयार करत नाही, बोर्डाच्या लाईनचे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ बघून त्याच्या मागोमाग चालतो. लाईन गेली की २ सेकंदांच्या आत त्यानं बंद व्हायचं असा नियमच आहे, याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. खांबावर लाईनमन चढलेला असतो, त्यानं लाईन बंद करून घेतलेली असते, आणि तुमच्या छतावरनं वीज उलटी डीपीकडं गेली तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि वरच्या तारेत पुन्हा ११ हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणून ही सोय बंद करून देतो म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता बॅकअप कसा घ्यायचा. बहुतेक लोक इथं दुकानात जाऊन "किती किलोवॅटचं घेऊ" असं विचारतात आणि दुकानदार त्याच्याकडं जे पडून असेल ते सांगतो. त्याआधी घरात बसून दोन गोष्टी कागदावर लिहा: लाईट एका वेळी जास्तीत जास्त किती तास जाते, आणि तेवढ्या वेळात काय चालू पाहिजेच. काय चालू असलं तर बरं होईल हे नाही, काय पाहिजेच ते. अख्खं घर बॅकअपवर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण गिझर २ हजार वॅट, इस्त्री हजार, मिक्सर ७५० आणि १ एचपीची पाण्याची मोटर चालू असताना हजार-अकराशे वॅट खाते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. हे सगळं बॅटरीवर चालवायचं म्हटलं तर खर्च सोलरच्या पुढं जाईल. मोटरीसाठी माझा सरळ सल्ला आहे, छतावरची टाकी लाईट असताना भरून ठेवायची सवय लावा, टाकीत साठवलेलं पाणी हीच सगळ्यात स्वस्त बॅटरी.

उदाहरण घेऊ. रात्रीची वेळ, दोन साधे पंखे ७५ वॅटचे म्हणजे १५०, चार एलईडी बल्ब ३६, वायफाय १०, टीव्ही ६०. एकूण २५६ वॅट. आता १२ व्होल्ट १५० एएचची एक ट्यूब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-तास, पण हे कागदावर. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण पिळून काढायची नसते, ६० टक्के वापरली तर ती टिकते, वर इन्व्हर्टर स्वतःच १५ टक्के खातो, म्हणजे हातात साधारण ९०० वॅट-तास येतात. २५६ ला साडेतीन तास. तेच दोन पंखे बीएलडीसी घेतले, ३० वॅटचे, तर लोड १६६ वर येतो आणि तीच बॅटरी साडेपाच तास जाते. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, रोजचं बिल पण उतरतं. फ्रिज ठेवायचा असेल तर त्याचा सरासरी खर्च कमी असतो पण कॉम्प्रेसर सुरू होताना झटका देतो, तेव्हा ९०० व्हीए लिहिलेल्या इन्व्हर्टरवर जुना फ्रिज टाकू नका, ९०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ७००-७५० वॅटच असतात. घरात कुणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर मात्र हिशोबच वेगळा, ५ लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॅट सलग खातं, सहा तासांना २ युनिट नुसते त्यालाच, तिथं काटकसर करायची नाही.

हा हिशोब झाला की मार्ग आपोआप ठरतो.

सांगली शहरात, मिरजेत, साताऱ्यात सदरबझारला वगैरे राहत असाल आणि लाईट महिन्यातनं चार वेळा तास-दोन तास जात असेल, तर हायब्रिड-बियब्रिडच्या (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर, खाली येतोच) भानगडीत पडू नका. घरगुती साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी, बास. फक्त साइन वेव्ह घ्या, स्क्वेअर वेव्हवर पंखे घुं घुं करतात आणि मोटरी तापतात. पुष्कळ घरात हा इन्व्हर्टर आधीपासनं असतोच, सोलरवाला येऊन "आता याची गरज नाही" म्हणतो आणि लोक भंगारात देतात, देऊ नका. लाईट असताना तो लाईनवरनं चार्ज होतो, दिवसा ती वीज तुमच्या सोलरचीच असते. त्याला बारा महिने चालू ठेवायला थोडा खर्च येतो, नुसते १५ वॅट धरले तरी महिन्याला ११ युनिट होतात, पण ते सोलरमधनं निघून जातात.

इथं एकच गोष्ट चुकायची नाही. मीटरपासनं वायर मेन डीबीत (घरातल्या एमसीबींच्या मुख्य डब्यात) येते, सोलरचा एसीडीबी (सोलर इन्व्हर्टरकडनं येणाऱ्या एसी वायरचा डबा) तिथंच मेन डीबीला जोडलेला असतो, आणि मेन डीबीतनं एक वायर इन्व्हर्टरच्या इनपुटला जाते, इन्व्हर्टरच्या आउटपुटवर पंखे-बल्ब. सोलर कायम इन्व्हर्टरच्या अलीकडं, मीटरच्या बाजूला. कुणीतरी हुशारी करून सोलरची वायर इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडतं, म्हणजे लाईट गेली की सोलरला वाटेल लाईन आहे आणि ते चालू होईल. होतं पण चालू, हीच तर गंमत आहे. साइन वेव्ह बघून सोलर सुरू होतं, घरात लोड ३०० वॅटचा, सोलर देतंय २ हजार, उरलेली वीज उलटी इन्व्हर्टरमध्ये घुसते आणि त्याला ती कशी आवरायची हे माहीत नसतं. बॅटरीचं व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टरचं कार्ड उडतं, नशीब खराब असेल तर बॅटरी फुगते किंवा फुटते. जनरेटरचं पण तेच, जनरेटर आणि ऑन-ग्रिड सोलर एका वायरवर आणायचे नाहीत, मध्ये चेंजओव्हर पाहिजेच. आणि ती दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर, जनरेटरमधनं घरातल्या सॉकेटमध्ये घालतात ती, घरात असेल तर आजच कापून टाका.

या साध्या मार्गात एक उणीव आहे, दिवसभर लाईट गेली तर डोक्यावर ऊन असून बॅटरी उतरत राहते. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, इकडं माण-खटावला वस्तीवर राहणाऱ्यांना हे नडतं, कारण तिथं डीपी जळाली की दोन-दोन दिवस बघायला नको. त्यावर एक जुगाड नाही तर चांगला उपाय आहे, एखादं वेगळं पॅनेल. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीला ३३० वॅटचं एक पॅनेल आणि एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधनं जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा) जोडला की उन्हात १८-२० अँपिअर मिळतात, बॅटरीला तेवढं मानवतं. हे पॅनेल नेट मीटरच्या (घेतलेली आणि बोर्डाला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरच्या) सोलरशी कुठंच जोडायचं नाही, त्याची वायर, त्याचा फ्यूज, सगळं वेगळं. सबसिडीतल्या पॅनेलांतलं एखादं काढून इकडं लावायचा विचार करू नका, त्यांचे नंबर सरकारी पोर्टलवर चढलेले असतात आणि स्ट्रिंगमधलं, म्हणजे एकाला एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेतलं, एक काढलं की उरलेल्याचं गणित पण बिघडतं.

आता ज्यांना खरंच मोठा बॅकअप पाहिजे, दवाखाना घरातच आहे, दूध डेअरीचा फ्रीजर आहे, वर्क फ्रॉम होम आहे, त्यांच्यासाठी दोन रस्ते.

पहिला हायब्रिड इन्व्हर्टर. जुना ऑन-ग्रिड इन्व्हर्टर काढायचा, त्या जागी हायब्रिड, पॅनेल थेट त्याला, बॅटरी पण त्यालाच. लाईट गेली की तो घर लाईनपासनं तोडतो आणि त्याच्या बॅकअप आउटपुटवर सोलर आणि बॅटरी दोन्हीतनं वीज देत राहतो, मध्ये १०-२० मिलिसेकंदांचा झटका, कॉम्प्युटर बंद पडत नाही. चांगला मार्ग आहे, पण खरेदीआधी कंपनीची माहितीची शीट वाचा. तुमच्या छतावर समजा ५४० वॅटची ६ पॅनेल सिरीजमध्ये आहेत, एकेकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसताना मिळणारं) ४९-५० च्या आसपास, म्हणजे स्ट्रिंग ३०० व्होल्टच्या जवळ, डिसेंबरच्या थंड सकाळी त्यात अजून चार टक्के वाढतात. बाजारात स्वस्तात मिळणारे काही हायब्रिड १४५ व्होल्टच्या पुढं सोसत नाहीत, त्याला ही स्ट्रिंग जोडली की पहिल्याच उन्हात धूर. नुसतं "५ किलोवॅट" बघून घेणाऱ्यांचं असं होतं. तसंच इन्व्हर्टर ५ चा असला तरी बॅकअप आउटपुट किती वॅटचं आहे ते वेगळं लिहिलेलं असतं, तेही बघा. आणि हे पण ध्यानात ठेवा की एसी बाजू बंद केली तरी दिवसा त्या ३०० व्होल्ट डीसीला हात लावायचा नसतो, आधी डीसी आयसोलेटर (पॅनेलकडनं येणारी वायर तोडायचा स्विच) पाडायचा.

दुसरा रस्ता, जुना सोलर इन्व्हर्टर आहे तसा ठेवायचा आणि शेजारी बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर बसवायचा, याला एसी कपलिंग म्हणतात. वर मी साध्या इन्व्हर्टरवर सोलर जोडू नका म्हटलं ते इथं चालतं, कारण हा इन्व्हर्टर दोन्ही बाजूंनी वीज घ्यायला बनवलेला असतो. लाईट गेली की तो स्वतः ५० हर्ट्झची लाईन उभी करतो, मिनिटा-दोन मिनिटांत सोलर त्याला बघून सुरू होतं, घरात वापरून उरलेलं बॅटरीत जातं, आणि बॅटरी भरली की हा हर्ट्झ थोडे चढवतो, ५१-५२ कडं, ते बघून सोलर आपोआप कमी होतं किंवा थांबतं. सोलरचं काम व्यवस्थित चाललंय, वॉरंटी शिल्लक आहे, त्याला हात लावायचा नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा बरा. पण नियम असा की बॅटरीचा इन्व्हर्टर सोलरच्या इन्व्हर्टरएवढा तरी पाहिजे, ३ किलोवॅटच्या सोलरला २ चा घेऊन चालत नाही, आणि बॅटरीला पण एवढं चार्जिंग झेपलं पाहिजे. ३ हजार वॅट भागिले ५१ व्होल्ट म्हणजे ५८-६० अँपिअर, आणि १०० एएचच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांच्या शीटवर ५० अँपिअरच लिहिलेलं असतं. इथं लोक फसतात, भर दुपारी लाईट जाते, बॅटरीचं बीएमएस (तिच्या आतलं संरक्षणाचं सर्किट) ट्रिप मारतं आणि घर पुन्हा अंधारात. तुमचं कनेक्शन थ्री फेज असेल आणि सोलर इन्व्हर्टरही थ्री फेजचा असेल तर सिंगल फेज बॅटरी इन्व्हर्टरवर तो चालणारच नाही, हे आधीच विचारून घ्या.

बॅटरी कुठली? ट्यूब्युलर स्वस्त, कुठल्याही गावात मिळते, पण डिस्टिल्ड वॉटर घालत बसायला पाहिजे, चार्ज होताना हायड्रोजन सोडते म्हणून बंद खोलीत नको, आणि आपल्याकडचा ४० डिग्रीचा उन्हाळा तिचं आयुष्य खातो. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणजे ५.१२ युनिट आणि त्यातले ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतात, पाणी नाही, वास नाही. वर्षातनं थोड्याच वेळा लाईट जाणाऱ्याला ट्यूब्युलर पुरते, रोज जाणाऱ्याला लिथियम शेवटी परवडते. बॅटरीला सबसिडी नाही, ती फक्त पॅनेलच्या किलोवॅटवर असते, कुणी "करून देतो" म्हणालं तर सावध राहा. भाव लिहीत नाही, ते दर महिन्याला हलतात, तीन ठिकाणची कोटेशनं घ्या आणि वॉरंटी वर्षात आहे की सायकलमध्ये (बॅटरी किती वेळा भरून रिकामी होईल त्यात) ते लिहून घ्या.

जागेचं मात्र सांगलीकरांना वेगळं सांगायला पाहिजे. जिन्याखाली कोपरा रिकामा असतो म्हणून सगळे तिथंच इन्व्हर्टर ठेवतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा गावात आलं. मारुती चौक, गावभाग, नदीकाठची कुठलीही गल्ली असेल तर बॅटरी, इन्व्हर्टर, सोलरचे डबे सगळं पहिल्या मजल्यावर, खाली फक्त मीटर. पुरात वीज कंपनी मुद्दाम लाईन बंद ठेवते, कित्येक दिवस, म्हणजे बॅकअपची खरी गरज तेव्हाच आणि तेव्हाच तो पाण्याखाली असला तर काय करायचं. ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची असते, लिथियम चाळीस-पन्नास, ऐनवेळी उचलून वर नेता येत नाही. भिंतीवर लावणार असाल तर विटांची जाड भिंत बघा, चार इंची पार्टिशनवर नको. पाणी घरात शिरायच्या आधी डीसी आयसोलेटर, बॅटरीचा ब्रेकर आणि मेन तिन्ही पाडायचे, कारण इन्व्हर्टर बुडाला तरी वरची पॅनेल उजेडात वीज देतच राहतात. आणि झडीच्या दिवसांत सोलरकडनं फार आशा नको, उन्हाळ्यात १२-१४ युनिट देणारं ३ किलोवॅट तेव्हा ३-४ युनिटवर येतं, पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला त्याहून कमी.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे न्यूट्रल. जुन्या घरात वायरमन इन्व्हर्टरसाठी फक्त एक फेजची वायर फिरवतो आणि न्यूट्रल सगळ्या घराचा एकच ठेवतो. साध्या इन्व्हर्टरवर ते कसंबसं चालतं, पण आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) असेल किंवा हायब्रिड लावला की विनाकारण ट्रिप सुरू. बॅकअपची सर्किटं वेगळ्या छोट्या डीबीत घ्या, त्यांचा न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर, तिथं वेगळा आरसीसीबी. लाईन तुटल्यावर न्यूट्रल आणि अर्थिंग कुठं जोडलं जातंय हे पण वायरमनला विचारा, उत्तर देता आलं नाही तर दुसरा बघा, लायसन्सवाला. बॅटरीकडची वायर जाड लागते, ५ हजार वॅट ४८ व्होल्टवर म्हणजे शंभराच्या वर अँपिअर, तिथं २५-३५ स्क्वेअर एमएम केबल, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि एमसीबी डीसीचीच. घरातली एसीची एमसीबी तिथं लावली तर डीसीची ठिणगी तिच्यात विझत नाही, आतल्या आत जळत राहते.

कागदांचं म्हणाल तर हायब्रिड लावायचा असेल तर आधी महावितरणच्या सबडिव्हिजनला अर्ज द्या, नेट मीटरच्या फाईलला जुन्या इन्व्हर्टरचा मेक आणि नंबर असतो, परस्पर बदलला तर पुढं तुमचीच अडचण. नव्याला अँटी-आयलंडिंगचं सर्टिफिकेट पाहिजे. सूर्यघरमधल्या विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, त्यालाही लेखी कळवा, नाहीतर उद्या पॅनेलमध्ये बिघाड झाला तरी तो बॅटरीकडं बोट दाखवेल. साधा घरगुती इन्व्हर्टर लावायला यातलं काही लागत नाही.

बसवून झाल्यावर सेटिंगमध्ये एक गोष्ट बघा. बसवणारा बहुतेक वेळा "सेल्फ युज" लावून जातो, म्हणजे रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी होते. नेट मीटरवर दिवसा दिलेले युनिट रात्री वजा होत असतील तर रोज बॅटरी झिजवून मिळतं काय? त्यापेक्षा रिझर्व्ह (लाईट जाण्यासाठी बॅटरीत राखून ठेवायचा साठा) वाढवा, मे ते सप्टेंबर ८०-९० टक्के, इतर वेळी निम्म्यावर ठेवलं तरी चालेल. आणि पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्यासमोर मेन पाडून बघा, दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, बॅकअपचा सगळा लोड चालू ठेवून, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होईपर्यंत थांबा. टेस्टर घेऊन पाडलेल्या मेनपासनं इन्व्हर्टरच्या इनपुटला येणाऱ्या वायरला वीज उलटी येत नाही ना तेही तपासून घ्या. मग मेन परत टाका आणि सोलर पाच मिनिटांत पुन्हा सुरू होतंय का बघा, तेवढा वेळ ते लाईन तपासायला घेतं, त्यात घाबरायचं कारण नाही.